हासाजींचा होकार

जोनाथनने ते हॉटेल निवडलं तेच मुळी बापाला मवाळ करण्यासाठी, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या बिचाऱ्याला वाटलंही नव्हतं. इस्रायलमधल्या अश्दोदहून त्याने तीन महिने आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, मी आणि निरीत येतोय, आणि शुक्रवार ते रविवार पनवेलच्या घरी न राहता चौघांनी मुंबईत राहायचं. कुठे, तर बाबा मालगाडीवर गार्ड असताना ज्या इमारतीत झोपायचे, तिथे.

"तिथे ढेकूण होते म्हणतात हे," मिल्का म्हणाली होती.

"आता नाहीत, आई. आता तिथे स्पा आहे."

स्टेशनला लागून असलेली ती दगडी इमारत इंग्रजांनी बांधली ती गाडी चुकलेल्या साहेबलोकांना एक रात्र नीट झोपता यावं म्हणून. साहेब गेले. खाली पार्सलचं गोदाम झालं आणि वर रनिंग रूम, म्हणजे ड्यूटी संपवून उतरलेल्या गार्ड-ड्रायव्हरांनी पुढची गाडी मिळेपर्यंत अंग टाकायची जागा. पुढे रेल्वेलाही ती नकोशी झाली आणि वीसेक वर्षं तिथे कबुतरं राहिली. आता एका कंपनीने दगड न् दगड धुऊन, जिन्याचे कठडे घासूनपुसून तिचं पुन्हा हॉटेल केलं होतं. हासाजींना हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्यानंतर कबुतरं, आणि कबुतरांनंतर परत मी."

मवाळ करायची गरज होती, कारण अकरा वर्षं हासाजी शिरढोणकर 'नाही' म्हणत होते. आईबाबांनी कायमचं इस्रायलला यावं, असा जोनाथनचा हट्ट होता. लिफ्टची इमारत, खाली दवाखाना, समोर समुद्र, सगळं त्याने हेरून ठेवलं होतं. हासाजी दर वेळी तेच सांगायचे. पनवेलच्या सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ओढूनताणून दहा होतात, आणि दहावा मी. मी गेलो की नऊ जणांनी काय पत्ते खेळायचे? घरात कुणाचं काय मत हे कधीचंच ठरून गेलेलं होतं. बाप अडून बसलाय, आई बिचारी तयार आहे.

शुक्रवारी दुपारी ते पोचले, तेव्हा दारातच राजस नावाचा ड्यूटी मॅनेजर हात जोडून उभा होता. "वेलकम होम, सर," तो म्हणाला. हासाजींनी मागे वळून पाहिलं, की हा नक्की कुणाला म्हणतोय.

दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या दालनात भिंतीला लागून दहा-बारा लोखंडी पेट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नेच्याची कुंडी. गार्डाची पेटी ती. तीत हिरवा-लाल बावटा, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके आणि डबा घेऊन माणूस मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचा. हासाजींनी एकेक कुंडी उचलून पेटीवरचं गार्डाचं नाव वाचायला सुरुवात केली. राजसला वाटलं, साहेबांची काही तक्रार आहे. मग हासाजींनी समजावलं, की पेटीचं कुलूप डाव्या बाजूला असायला हवं, तुमच्या कारागिराने उजवीकडे लावलंय. ती भिंतीवरची हातबत्ती उलटी टांगली आहे. आणि सरकारने परवा परवा आम्हा गार्डांचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलंय, म्हणजे निवृत्त झाल्यावर पंधरा वर्षांनी मी मॅनेजर झालो, तेव्हा तुम्ही आणि मी एकाच हुद्द्याचे. राजस पोटभर हसला. दोन फिरंगी पाहुणे आणि पुण्याचं एक जोडपं जवळ येऊन उभं राहिलं. पुण्याच्या बाईंनी हासाजींबरोबर फोटो काढला.

मिल्का लांबून हे बघत होती. दोन वर्षांपूर्वी बायपास झाल्यापासून हा माणूस इतका सलग बोलला नव्हता.

दोन्ही खोल्या पहिल्या मजल्यावरच्या होत्या. तशा मुद्दाम मागून घेतल्या होत्या, कारण शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत लिफ्ट नाही, दिव्याचं बटण नाही, दाराचं ते विजेचं कार्डही नाही, असा जोनाथनचा नेम होता. हा नेम त्याने तिकडे जाऊन धरला. पनवेलला शब्बाथ म्हणजे चूल बंद, प्रवास बंद आणि तेलाचा दिवा, एवढंच. शिवाय हासाजींनी तर छत्तीस वर्षं शनिवारीही मालगाड्यांवर ड्यूटी केली होती, कारण रेल्वेला शब्बाथ नसतो. जे खापरपणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं, त्यांच्याच वंशजाने शनिवारी कल्याण ते इगतपुरी कोळसा नेला. जोनाथनला हे आवडत नसे. म्हणून कुणी त्याच्यासमोर बोलत नसे. या घरात न आवडणाऱ्या गोष्टी न बोलता सांभाळायची पद्धतच होती.

हासाजी आंघोळीला गेले ते तासभर बाहेर आले नाहीत. पन्नास वर्षं एका बादलीत उरकणारा माणूस. मिल्काने दारावर टकटक केली, तर आतून आवाज आला, "जिवंत आहे. टबात आहे."

संध्याकाळी जेवणाच्या दालनात कोपऱ्यातलं टेबल राजसने मोकळं ठेवलं होतं. मिल्काने दोन दिवे लावले. काळ्या मनुका भिजवून, पिळून केलेलं शरबत तिने पनवेलहून बाटलीत भरून आणलं होतं. हासाजींनी पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी घोट घोट घेतला. मेन्यूत 'रनिंग रूम दाल' होती. हासाजी म्हणाले, खरी रनिंग रूमची डाळ म्हणजे पाणी, आणि त्याला हळदीची आठवण. ही भलतीच चांगली आहे.

जोनाथनने गाडीत येतानाच भाषण तयार केलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो लहानपणी वक्तृत्व स्पर्धेला जाताना असाच गिळत राहायचा. त्याने पापड मोडला, घसा साफ केला आणि म्हणाला, "बाबा, मला तुमच्याशी जरा—"

"कागदपत्रं कर," हासाजी म्हणाले.

"कसली?"

"जी करायची असतात ती. आम्ही येतो."

जोनाथनच्या हातात पापडाचे दोन तुकडे तसेच राहिले. मग पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या, भर दालनात, वेटरांसमोर, रडायला लागला. उठून बापाच्या गळ्यात पडला. निरीतने मात्र नवऱ्याकडे पाहिलं नाही, की सासऱ्यांकडे पाहिलं नाही. ती मिल्काकडे बघत होती.

मिल्का हसत होती. किती छान झालं, असं ती म्हणाल्याचंही तिला ऐकू आलं.

पण मिल्काला जायचं नव्हतं. कधीच नव्हतं. ही गोष्ट तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती, आणि सांगायची वेळही कधी आली नव्हती, कारण नाही म्हणायला घरात हासाजी होते. त्यांचा नकार म्हणजे तिच्या घराची मागची भिंत. त्या भिंतीला टेकून ती आल्यागेल्याला खुशाल सांगायची, की मी उद्या बॅग भरते हो, पण हे हलतील तर ना. मुलगा फोनवर बापाशी भांडायचा आणि मग आईशी दहा मिनिटं हळुवार बोलायचा. तिला ती दहा मिनिटं आवडायची. त्यात काय चुकलं, असंही तिला वाटायचं.

नात झाली तेव्हा ती तीन महिने अश्दोदला राहिली होती. सून प्रेमळ, मुलगा प्रेमळ, समुद्र समोर. पण एकतीस वर्षं पनवेलच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती ती. नेरे, ओवे, शिरढोण, कुठलंही गाव सांगा, तिथल्या चार-सहा पोरांना तिने जन्मल्या जन्मल्या पायाला धरून उलटं केलेलं असायचं. निवृत्त झाल्यावरही बाजारात गेली की अर्धा तास जास्त लागायचा. नेऱ्याची सोनाबाई दुधी निवडून बाजूला ठेवायची आणि आदल्या दिवशी दिसली नाही तर विचारायची, "सिस्टर, तुमी काल आल्या नाय. बरं हाय ना?" अश्दोदच्या दुकानात ती दुधीकडे बोट दाखवायची, आणि पोरगी तिला वांगं द्यायची. तीन महिने तिने वांगी खाल्ली.

त्या रात्री हासाजी लगेच घोरायला लागले. मिल्का छताकडे बघत पडली. छत फार उंच होतं.

शनिवारी सकाळी बापलेक चालत जुन्या सिनॅगॉगला गेले. दार कार्डाशिवाय उघडत नाही म्हणून दोन्ही खोल्यांच्या दारांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता अडकवून ठेवायच्या, असं जोनाथनने ठरवून दिलं होतं. सासूसून न्याहारी करून वर आल्या, तर दोन्ही दारं बंद. हॉटेलची साफसफाईची माणसं कर्तव्यदक्ष निघाली होती.

आता अडचण अशी होती, की शब्बाथला दुसऱ्याकडूनही काम करून घ्यायचं नाही. मागायचं नाही. फक्त परिस्थिती बोलून दाखवायची, आणि समोरच्याने आपण होऊन केलं तर केलं. निरीत जन्माने तिकडची, पण आजीने पेणहून नेलेलं मराठी तिने जसंच्या तसं उचललं होतं. ती खाली गेली, राजसला घेऊन आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "आमचं दार लागलेलं आहे."

"हो मॅडम, हाऊसकीपिंगने लावलं. उघडं राहिलं होतं."

"त्यात चप्पल होती."

"चप्पल व्यवस्थित आत ठेवली आहे, मॅडम. काळजी करू नका."

निरीतने विचार केला. "आम्ही पडवीत आहोत," ती म्हणाली.

राजसने कॉरिडॉरकडे कौतुकाने पाहिलं. "सगळ्या गेस्टना हा भाग फार आवडतो. ओरिजिनल लाद्या आहेत."

"माझ्या सासूबाईंची गोळी आतमध्ये आहे."

"अरे बापरे. डॉक्टर बोलवू?"

शेवटी त्याने दोन वेताच्या खुर्च्या आणि चहा पाठवला. तो शब्बाथला खास आपल्यासाठी केलेला, म्हणून निरीतने चहाला हात लावला नाही. हा चहा कुणासाठी तरी आधीच झालेला असणार, असं मिल्काने ठरवलं आणि ती प्यायली. समोरून पाहुणे येत-जात होते आणि दोघींना बघून हसून मान डोलावत होते, जणू त्याही जुन्या इमारतीबरोबरच दुरुस्त करून बसवल्या आहेत.

"आई," निरीत म्हणाली, "तुम्हाला यायचं आहे का?"

मिल्काने कप खाली ठेवला. अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. जोनाथन विचारायचा ते 'बाबा कधी ऐकतील' असं. हासाजी तर विचारायचेच नाहीत.

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून इतका सरळ पडला, की तिने आजूबाजूला पाहिलं.

निरीतने मान हलवली. "मला वाटलंच. काल तुम्ही हसलात ते माझी आजी इथून कायमची जाताना विमानतळावर हसली होती तसं. मला फोटोत माहीत आहे ते." मग थोडं थांबून म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. माझी आई वरच्या मजल्यावर राहते. दोन आया मला झेपतील का, मला माहीत नाही. पण तुम्ही आलात तर मी तुम्हाला चांगलं ठेवीन."

"ते मला माहीत आहे गं."

"मग जोनाथनला सांगा."

"तूच सांग ना त्याला. हळूच. बोलता बोलता."

"मी नाही सांगणार," निरीत म्हणाली. "ते तुमचं आहे." आणि सासूचा उरलेला, थंड झालेला चहा तिने बाजूला सरकवून ठेवला.

दीडेक तासाने साफसफाईवाली बाई टॉवेल बदलायला आली आणि तिने दार उघडलं. तिला कुणी काही सुचवलं नव्हतं.

दुपारी जेवून हासाजी बिछान्यावर आडवे झाले. पाय चालून सुजले होते, पण चेहरा खूश होता. पडदा जरा ओढ म्हणाले, मग म्हणाले, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

मिल्का पडद्यापाशीच थांबली. माझ्या मनासारखं म्हणजे काय, असं तिने विचारलं. त्यावर हासाजी जे बोलले ते छताकडे बघत बोलले. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा स्ट्रेचर दाराशी पाच मिनिटं अडकलं होतं. ती शेजारच्या नीताशी बोलत होती. यांच्या हट्टापायी मी मुलाला मुकले, असं ती म्हणाली होती. त्यांनी ते ऐकलं. शुद्ध येऊन बरं वाटल्यावर तिच्याशी बोलू असं त्यांनी मनाशी ठरवलं, पण जमलं नाही. दोन वर्षं मनात होतं. काल टबात पडल्या पडल्या वाटलं, आता दहाव्या माणसाचं बघेल तो वरचा. आपण बायकोचं बघू.

तिला आठवलं. नीता रडत होती, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती ते बोलली होती. नेहमीचं वाक्य होतं. सवयीने आलं.

आता तरी बोलावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंही. पण हासाजींनी डोळे मिटले होते, हात छातीवरच्या त्या उभ्या व्रणावर ठेवला होता, आणि इतक्या समाधानी माणसाला उठवून काय सांगायचं, तेच तिला कळेना. ती खुर्चीत बसून राहिली. एकतीस वर्षं तिने लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. बाहेर डॉक्टर टाळायचे, तेव्हा सिस्टरला पुढे करायचे. ती नातेवाइकांना बाजूला घ्यायची, खाली बसवायची आणि साध्या शब्दांत सांगायची. आडून काही बोलायची नाही, कारण आडून बोललं की माणसं नको ती आशा धरून बसतात. हे तिला पक्कं माहीत होतं. फक्त घरी तिने ते कधी वापरलं नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवरून तीन तारे दिसले, तेव्हा जोनाथनने पीळदार मेणबत्ती लावून शब्बाथला निरोप दिला. लवंग-वेलचीची डबी सगळ्यांच्या नाकाखालून फिरली. मेणबत्ती विझते न विझते तोच त्याने खिशातून फोन काढला. पहिला अर्ज आजच भरून टाकू, म्हणजे मी इथे असेपर्यंत दाखले गोळा होतील, असं तो म्हणाला. आईपासून सुरुवात करू. आईचं काही अडत नाही.

"फोन ठेव," मिल्का म्हणाली. "बस खाली."

तो बसला. तिचा तो आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. हासाजीही, उगीचच, बसले.

"मला यायचं नाही, जोनाथन. आत्ता नाही, असं नाही. मुळातच नाही. कधीच नव्हतं. बाबा नाही म्हणत होते, म्हणून मी हो म्हणत होते."

जोनाथन हसला. थट्टा आहे असं त्याला आधी वाटलं. मग त्याने निरीतकडे पाहिलं, आणि निरीत हसत नव्हती.

"तुला आमच्याकडे यायचं नाही?"

"यायचंय. दर वर्षी येईन. राहायचं नाही."

"पण का? तिथे काय कमी पडतं तुला? पनवेलात आता आहे कोण?"

"मी आहे," मिल्का म्हणाली.

मग तो बरंच बोलला. अकरा वर्षं आपण बाबांना काय काय बोललो, एकदा तर सहा महिने फोन केला नाही, आणि आई, तू त्या वेळी मला म्हणालीस, की समजून घे, ते असेच आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं. हो, म्हणाले होते, असं म्हणाली. स्वतःच्या बाजूने सांगण्यासारखं तिच्याकडे फार काही नव्हतं, आणि जे होतं ते ऐकायला बरं वाटलं नसतं. शेवटी तो उठून कठड्यापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. निरीत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

हासाजींनी बराच वेळ मेणबत्तीचं मेण नखाने खरवडलं.

"म्हणजे अकरा वर्षं," ते म्हणाले, "मी पोराच्या शिव्या खाल्ल्या."

"हो."

"आणि तू?"

"मी कौतुक खाल्लं."

"आणि स्ट्रेचरपाशी?"

"ते चुकलं माझं." तिचा आवाज आता सिस्टरचा राहिला नव्हता. "ते फार चुकलं. तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत?"

"तू बोलली असतीस?"

तिने मान हलवली. नसती बोलली.

हासाजी उठले. तिला वाटलं, आता हे खाली निघून जातील. ते तिच्या बाजूला येऊन बसले आणि आवाज उतरवून, जणू ड्यूटीचा चार्ज देतायत अशा सुरात म्हणाले, "हे बघ. मी हो म्हटलंय, ते मी मागे घेणार नाही. मला काल रात्रीपासून पोरगा काय प्रेमाने वागवतोय. रस्ता ओलांडताना हात धरतो. मी तयार आहे, आणि तयारच राहणार. नाही म्हणायचं काम आता तू करायचं. अकरा वर्षं मी केलं. मला विश्रांती हवी."

"पण तुम्हाला खरंच जायचंय का?"

"ते तुला कशाला सांगू?" हासाजी म्हणाले.

रविवारी सकाळी न्याहारीला जोनाथन आईशी बोलला नाही. लोणी हवं होतं तर त्याने ते निरीतला मागितलं, आणि निरीतने ते मिल्काकडून घेऊन त्याला दिलं. बाबांच्या पोळीवर मात्र त्याने स्वतः साखर भुरभुरवली. हासाजी मधूनमधून मोठा उसासा टाकत होते, मुलाकडे बघून खांदे उडवत होते आणि तिसऱ्यांदा ऑम्लेट मागवत होते. पंचेचाळीस वर्षांत हा मुलगा तिच्यावर पहिल्यांदा रुसला होता. दुखत होतं. तिने ते दुखणं सवयीने तपासलं, कुठे आहे, किती आहे, आणि तिच्या लक्षात आलं, की याने माणूस मरत नाही.

निघताना राजसने हासाजींकडून पेट्यांबद्दलची सगळी माहिती कागदावर उतरवून घेतली आणि दाराशी येऊन गाडीत बसवून दिलं. बापलेक आणि निरीत मागे बसले. मिल्का पुढे, ड्रायव्हरजवळ.

"पनवेलात कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"लोकेशन पाठवतो," मागून जोनाथन म्हणाला, ड्रायव्हरला.

"नको," मिल्का म्हणाली. "पूल उतरलास की मला विचार. टपाल नाक्यापर्यंत तुला कुणीही नेईल. तिथून विश्राळी तळ्याकडे वळायचं, तळं उजव्या हाताला ठेवायचं. पुढे एक बंद पडलेली पिठाची गिरणी लागेल, तिथे गाड्या उलट्यासुलट्या लावलेल्या असतात, हॉर्न वाजवू नकोस, त्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक बाळंतीण आहे. तिथून पुढे मी सांगते."